बोट लागते, मग गॅलापागोसला जावं का?

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. कनिष्ठ महाविद्यालयात वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या. फिंच पक्ष्यांच्या चोचींची आकृती फळ्यावर काढता काढता प्रशांत महासागरातली, इक्वेडोर देशाची गॅलापागोस बेटं एकदा बघायचीच, हे त्यांच्या मनाने घेतलेलं. यजमानांना पक्ष्यांच्या फोटोंचा नाद, हिवाळ्यात भिगवणची फेरी चुकत नाही. शिकागोला असलेल्या लेकीने दोन पर्याय शोधून दिले आहेत आणि तीही सोबत येणार आहे. एक, सोळा प्रवाशांच्या छोट्या जहाजावर आठ दिवस. दुसरा, तीन बेटांवर हॉटेलात राहून दहा दिवस. यजमान म्हणतात जहाजच, त्याशिवाय गॅलापागोस म्हणजे अर्धवट. पण ताईंना बोट लागते. तारकर्लीला नांगर टाकून उभ्या असलेल्या होडीतच त्यांची वाट लागली होती. शिवाय गुडघे दुखतात, आणि घर शाकाहारी. त्या लिहितात, “माझ्यामुळे ह्यांची सहल अर्धवट व्हायला नको, आणि आठ दिवस उलट्या काढायला मला जायचं नाही. अर्धवटच बघायचं तर एवढे पैसे घालून जावं तरी कशाला?”

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात जहाजाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. केबिन केवढी, डेकवर बसायला जागा किती, न्याहारी किती वाजता. हॉटेलांबद्दलही लिहिलंय. पण या बेटांवर तुम्हा दोघांना नेमकं कोण कोण बघायचंय, ते मात्र कुठेच आलं नाही. मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. गॅलापागोसमध्ये कोणता प्राणी कोणत्या बेटावर भेटणार हे बरंचसं ठरलेलं असतं, आणि जहाज लागेल की नाही हे त्यावरूनच कळतं. तेव्हा आज दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पाच-पाच नावं लिहा, एकमेकांचं न बघता. माझा अंदाज असा की तुमच्या कागदावर फिंच आणि कासव वर असतील, यजमानांच्या कागदावर अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी. ते कागद हातात आले की निम्मा वाद मिटेल.

अर्धवट बघण्याची धास्ती मात्र आत्ताच सोडून द्या. त्यासाठी मी साक्षीदार तुमच्याच वर्गातला काढते. डार्विनला घेऊन बीगल जहाज १८३५च्या सप्टेंबरमध्ये तिथे पोचलं आणि सुमारे पाच आठवडे त्या बेटांमध्ये फिरलं. एवढ्या काळात डार्विन उतरला तो चारच बेटांवर: सान क्रिस्तोबाल, फ्लोरेआना, इझाबेला आणि सांतियागो. आज जिथे सर्वाधिक प्रवासी राहतात त्या सांताक्रूझवर त्याने पाऊलही ठेवलं नाही. आणि त्यालाही बोट लागायची, ताई. जवळपास पाच वर्षांच्या त्या सफरीत हा त्रास त्याला शेवटपर्यंत सुटला नाही. फिंचचं म्हणाल तर कोणता पक्षी कोणत्या बेटावर मारला याची नोंदही त्याने धड ठेवली नव्हती. १८३७ साली लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी ते नमुने तपासून या वेगवेगळ्या जाती आहेत असं सांगितलं, तेव्हा जहाजावरच्या इतर मंडळींच्या संग्रहावरच्या चिठ्ठ्या शोधत बसायची वेळ आली. याउलट पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं. १९७३पासून चाळीस वर्षं त्यांनी दाफ्ने मेजर या एका चिमुकल्या बेटावर चोचींची मापं घेतली, आणि निसर्गाची निवड डोळ्यांदेखत होताना दाखवून दिली. हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं असणार. म्हणूनच, बेटांची संख्या कमी पडेल म्हणून तुम्ही कष्टी व्हावं हे मला पटत नाही.

यजमानांनाही एक गोष्ट सांगा. आठ दिवसांच्या जहाजावरसुद्धा गॅलापागोस पूर्ण होत नाही, होऊच शकत नाही. राष्ट्रीय उद्यानाचा नियमच असा आहे की एका जहाजाने एकच ठिकाण चौदा दिवसांच्या आत पुन्हा घ्यायचं नाही. त्यामुळे जहाजवाले पंधरवड्याचा एक मोठा फेरा आखतात आणि त्याचे चार, पाच, आठ दिवसांचे तुकडे करून विकतात. एका तुकड्यात पश्चिमेची बेटं येतात, दुसऱ्यात उत्तर आणि पूर्व. शिवाय आठ दिवस म्हणजे सात रात्री. पहिल्या दिवशी विमान दुपारच्या सुमारास उतरतं, शेवटच्या दिवशी न्याहारीनंतर तुम्हाला विमानतळावर सोडतात. हातात पूर्ण दिवस सहाच.

मग दोन्हींत फरक काय? जहाजाने लांबच्या निर्मनुष्य बेटांवर जाता येतं. गावात राहिलं की एका जागी हवा तेवढा वेळ बसता येतं. बाकी सगळे फरक याच्या खालोखाल.

जहाजावर दिवस कसा जातो ते बघा. सकाळी सातच्या आत न्याहारी. मग सोळा जणांचा गट एका निसर्ग मार्गदर्शकाबरोबर पांगात बसतो. पांगा म्हणजे काठावर नेणारी रबरी होडी. कधी खडकावर पाय ठेवून कोरडं उतरायचं, कधी गुडघाभर पाण्यात उडी मारायची. आखलेल्या वाटेवर दोन-तीन तास चालायचं, परत यायचं, पाण्यात उतरायचं, जेवायचं, दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी मार्गदर्शक उद्याचा कार्यक्रम सांगतो आणि नऊपर्यंत सगळे आडवे. याचा मोठा फायदा यजमानांच्या कॅमेऱ्याला आहे. दिवसभराच्या सहलींच्या बोटी येतात तोवर ऊन डोक्यावर चढलेलं असतं. जहाज रात्रीच तिथे पोचलेलं असल्याने सकाळचा कोवळा प्रकाश जहाजवाल्यांनाच मिळतो. तोटा असा की गट पुढे निघाला की तुम्हालाही निघावं लागतं. वाटेवर एकट्याने मागे रेंगाळायची परवानगी नाही. एखाद्या झुडपावर फिंच काय टिपतोय हे अर्धा तास बघत बसावंसं वाटलं, तरी ते जमत नाही.

गावात ते जमतं. सांताक्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावात भर रस्त्याला लागून कोळ्यांचा छोटा धक्का आहे. सिमेंटच्या ओट्यावर बायका ट्यूना कापत असतात. ओट्याच्या एका टोकाला पेलिकन रांग लावून उभे, आणि कापणाऱ्या बाईच्या कोपराला नाक लावून एक समुद्रसिंह, ओलाचिंब, मान वर करून. ती डाव्या हाताने त्याला ढकलते, उजव्या हाताने सुरी चालवत राहते. तुकडा खाली पडला की पेलिकन आणि समुद्रसिंह दोघेही झेपावतात. पायाखाली सागरी इग्वाना, म्हणजे समुद्रात पोहणारे मोठे काळे सरडे, पडलेले असतात, त्यांना ओलांडून जावं लागतं. याला तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, वेळेचं बंधन नाही. सान क्रिस्तोबालच्या बंदरात तर समुद्रसिंह माणसांच्या बाकांवर झोपतात आणि माणसं उभी राहतात. पुएर्तो आयोरात चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर निवडुंगांमध्ये फिंच इतके जवळ येतात की दुर्बिणीची गरज पडत नाही. तुमच्या फळ्यावरच्या चोची तिथे समोर असतील, आणि ओळखायला अख्खी सकाळ तुमच्या हातात.

आता बोट लागण्याचं. लेकीने आणि तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: हॉटेलात राहिलं म्हणजे समुद्र टळला. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. बेटांमध्ये रोज जाणाऱ्या स्पीडबोटी असतात, वीस-तीस माणसांच्या, मागे दोन-तीन इंजिनं. सांताक्रूझ ते इझाबेला सुमारे दोन तास, सांताक्रूझ ते सान क्रिस्तोबालही तेवढेच, तिकीट तीस-पस्तीस डॉलर. उघड्या समुद्रात त्या लाटांवर आपटत जातात. आत सगळे दाटीवाटीने बसलेले, इंधनाचा वास, आणि समोरच्याला उलटी झाली की आपल्यालाही होते. सान क्रिस्तोबाल आणि इझाबेला यांच्यामध्ये थेट बोटसेवा नसते, सांताक्रूझला येऊन बदलावी लागते. म्हणजे लेकीच्या तीन बेटांच्या आखणीत असे किमान तीन प्रवास आले. त्यावर दिवसभराच्या सहली, त्यांतही जाता-येता दोन-दोन तास. समुद्राचा त्रास मोजायचा झाला तर ही आखणी काही जहाजांपेक्षा कठीण पडेल.

जहाज मोठा पल्ला बहुतेक रात्री काटतं. आपण आडवे असतो, आणि आडवं असताना त्रास कमी होतो. दोन सांगाड्यांचं कॅटामरान साध्या जहाजापेक्षा कमी डुलतं. खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन सर्वांत स्थिर. लोक उलट करतात, वरची, समुद्र दिसणारी केबिन जास्त पैसे देऊन घेतात आणि रात्रभर हेलकावे खातात. पण जहाजाची एक अडचण कशानेच सुटत नाही: त्रास झाला तर उतरता येत नाही. गावात सकाळी बरं वाटलं नाही तर त्या दिवशीची सहल सोडायची, एवढंच.

तारकर्लीच्या अनुभवावरून सगळं ठरवू नका, असंही मी म्हणेन. नांगरलेली छोटी होडी लाटेला आडवी पडून डुलत राहते, ती चालत्या बोटीपेक्षा जास्त लागते. आधी स्वतःची परीक्षा घ्या. गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट पकडा, दुपारी वारा सुटल्यावरची, पावसाळ्याआधी. एकदा काही न घेता, एकदा डॉक्टरांनी दिलेली गोळी प्रवासाआधी वेळेत घेऊन. बसायचं मधोमध किंवा मागे, उघड्यावर, नजर क्षितिजावर, मोबाइल पर्समध्ये. आपली बंदरातली बोट म्हणजे काही प्रशांत महासागर नव्हे, पण गोळी तुम्हाला लागू पडते का आणि किती झोप येते, हे इथेच कळलेलं बरं. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, काही औषधं त्यात चालत नाहीत. आलेपाक जवळ ठेवाच. त्याने थोडा आराम पडतो, पण गोळीची जागा तो घेणार नाही.

यापेक्षाही मोठा उपाय म्हणजे महिना नीट निवडणं. जून ते नोव्हेंबर हंबोल्ट या सागरी प्रवाहामुळे पाणी थंड, आकाश झाकोळलेलं, बारीक पाऊस, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वांत खवळलेला. डिसेंबर-जानेवारी ते मे हवा उष्ण, अधूनमधून सरी, समुद्र शांत. आता अल्बट्रॉस बघा. जगातले जवळपास सगळे गॅलापागोस अल्बट्रॉस एस्पान्योला या एकाच बेटावर अंडी घालतात, आणि तिथे असतात साधारण एप्रिल ते डिसेंबर. फेब्रुवारीत गेलात तर समुद्र छान, पण अल्बट्रॉस नाही. सप्टेंबरमध्ये गेलात तर अल्बट्रॉस आहे, पण तुमचे हाल. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे महिना दोन्ही जमवतो. तुमच्या घरासाठी मी दुसरा कोणताही काळ सुचवणार नाही.

आता यादी आणि बेटं जुळवून बघू. महाकाय कासवं सांताक्रूझच्या डोंगराळ भागात शेतांमधून मोकळी फिरतात, टॅक्सीने जाता येतं. निळ्या पायांचे बूबी हे समुद्रपक्षी, गळ्याची लाल पिशवी फुगवणारे फ्रिगेट पक्षी आणि जमिनीवरचे इग्वाना नॉर्थ सेमूर या छोट्या बेटावर. तिथे जायला निम्म्याहून जास्त अंतर बसने इताबाका खाडीपर्यंत, पुढे बोट थोडाच वेळ. तुमच्यासाठी याहून सोयीची सहल नाही, आणि पायवाटही बरीचशी सपाट आहे. एस्पान्योलाची दिवसाची सहल सान क्रिस्तोबालहून निघते. बुक करताना मात्र बजावून विचारा की बोट पुंता सुआरेझला उतरते ना? गार्डनर बेचा किनारा सुंदर आहे, पण अल्बट्रॉस पुंता सुआरेझच्या बाजूला. तिथली वाट मोठमोठ्या गोट्यांवरून जाते. गुडघ्यांचं बघून ठरवा, काठीला रबरी टोक असू द्या. सान क्रिस्तोबालच्याच टोकाला पुंता पिट आहे. तिथे निळ्या पायांचा, लाल पायांचा आणि नाझ्का असे तिन्ही बूबी एकाच ठिकाणी दिसतात. लाल पायांच्या बूबीसाठी उत्तरेच्या हेनोवेसा बेटावर जहाजानेच जायला हवं असं यजमानांना कोणी सांगितलं असेल, तर त्यांना पुंता पिटबद्दल सांगा. हेनोवेसाच्या वसाहतीची भव्यता इथे नाही हे खरं, पण पक्षी तोच. पेंग्विन बार्तोलोमे बेटाजवळ दिसतात, तिथेही दिवसाची सहल जाते. माथ्यावर चढायला साडेतीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या आहेत. तुम्ही खालीच थांबा.

जहाजाशिवाय भागत नाही ते पश्चिमेला. उडायचं विसरलेला पाणकावळा फक्त फेर्नांदिना आणि इझाबेलाच्या पश्चिम-उत्तर किनाऱ्यावर राहतो. त्याचे ते तोकडे, विरळ पिसांचे पंख वाळवताना बघणं ही उत्क्रांती शिकवणाऱ्या माणसाला मोठी मेजवानी आहे, मी नाही म्हणणार नाही. फेर्नांदिनाच्या काळ्या लाव्हावर सागरी इग्वाना एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले असतात, हे दृश्य गावाजवळ एवढ्या प्रमाणात दिसत नाही. पाणकावळा जर दोघांच्याही कागदावर वरच्या दोनांत आला, तर जहाज घ्या, पश्चिमेचा तुकडा घ्या, आणि वर लिहिलेली सगळी काळजी घेऊन जा. फक्त यजमानांच्या कागदावर आला तर माझा सल्ला वेगळा आहे.

त्यांना एकट्यांना जाऊ द्या. पाच दिवस, चार रात्री. एवढ्या लांब जाऊन वेगळं राहायचं म्हणजे काहीतरी बिनसलंय असं आपल्याकडे लगेच वाटतं. नातेवाईक विचारतील, आणि कदाचित तुम्हालाच टोचेल. पण पत्रात तुम्ही दोघांनी एकमेकांसाठी किती मन मारायची तयारी ठेवली आहे ते वाचून मला वाटलं, इथे मन मारायची गरजच नाही. तुम्ही आणि लेक पुएर्तो आयोरात राहा, ते पश्चिमेचा फेरा करून येतील. एकट्या प्रवाशाला केबिनचा जादा आकार पडतो. काही जहाजांवर दुसऱ्या पुरुष प्रवाशाबरोबर केबिन वाटून घेतली तर तो वाचतो. लेकीबरोबर पाच निवांत दिवस, तेही शिकागोच्या धावपळीबाहेर, तुम्हाला कधी मिळाले होते शेवटचे?

आणि पाणकावळा कोणाच्याच यादीत वर नसेल, तर जहाज सोडून द्या आणि लेकीच्या आखणीतून इझाबेलाही काढा. इझाबेला फार देखणं आहे, पण दोन जादा स्पीडबोटी तुमच्या वाट्याला आणणारं. विमानाने सान क्रिस्तोबालला उतरा, चार रात्री राहा. मग सांताक्रूझला या, पाच-सहा रात्री राहा, आणि सांताक्रूझशेजारच्या बाल्त्रा बेटावरच्या विमानतळावरून परता. मध्ये एकच समुद्रप्रवास उरतो, तोही नको असेल तर बेटांदरम्यान छोटी विमानं आहेत. त्यात सामानाची मर्यादा कडक असते, यजमानांच्या लेन्स आधी वजन करून घ्या. एस्पान्योलाची सहल ते आणि लेक करतील, तुम्हाला वाटलं तर तुम्हीही. रोज सहल ठेवू नका. एक दिवस बोट, एक दिवस गाव. पुएर्तो आयोराहून तोर्तुगा बेच्या किनाऱ्यावर जाणारी अडीच किलोमीटरची फरसबंद वाट आहे, तिथे नावनोंदणी करून स्वतःचं स्वतः जाता येतं. सकाळी लवकर जा, सावली कमी आहे.

खर्चाबद्दल तुमचं गणित थोडं तपासून बघा. जहाजाचा आकडा मोठा दिसतो, सोळा जणांच्या जहाजावर माणशी रोजचे साधारण चारशे डॉलरपासून हजाराच्या वरही. पण त्यात जेवण, मार्गदर्शक, सगळी ठिकाणं धरलेली असतात. हॉटेलचा आकडा लहान, मात्र दिवसाची प्रत्येक चांगली सहल माणशी दीडशे ते तीनशे डॉलर घेते. अशा पाच सहली धरा आणि मग तुलना करा. गावातला पर्याय तरीही स्वस्त पडतो, पण लेकीच्या कागदावर दिसतो तितका नाही. उद्यानाचं प्रवेशशुल्क दोन्हीकडे सारखंच: १ ऑगस्ट २०२४पासून परदेशी प्रौढांना माणशी २०० डॉलर. शिवाय विमानतळावर घ्यायचं प्रवासी कार्ड २० डॉलर. इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलरच आहे, सुट्ट्या छोट्या नोटा जवळ ठेवा.

शाकाहाराचा प्रश्न पत्रात जेवढा मोठा झालाय तेवढा नाही. भात, मेनेस्त्रा म्हणजे मसूर किंवा घेवड्याची दाट उसळ, तळलेली कच्ची केळी, अंडी चालत असतील तर अंडी. मेनेस्त्रात मांसाचा रस्सा घातलाय का, एवढं विचारायचं. गावात स्वयंपाकघर असलेली खोली मिळते, रात्रीचा वरणभात घरीच होईल. जहाजावर मात्र आधी लेखी कळवा, कारण तिथे शेवटच्या क्षणी काही मिळत नाही. सामानाची जैविक तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. बाहेरून गेलेल्या माश्या, मुंग्या आणि ब्लॅकबेरीची झुडपं यांनी तिथल्या जातींचं अतोनात नुकसान केलं आहे. फिलोर्निस नावाच्या माशीच्या अळ्या तर घरट्यातल्या फिंचच्या पिल्लांचं रक्त पितात. तेव्हा ताजी फळं, बिया, माती लागलेले बूट यांतलं काहीही नेऊ नका. खाऊ नेणार असाल तर अर्जात नमूद करा आणि मागितला तर देऊन टाका.

जहाज की गाव, बेटांना कशाचा त्रास कमी, असंही कोणी विचारेल. जहाजांच्या जागा मर्यादित ठेवलेल्या आहेत, शंभराहून जास्त प्रवाशांचं जहाज तिथे फिरूच शकत नाही. हॉटेलांवर तसा लगाम ढिला आहे, आणि माणसं वाढली की पाणी, कचरा, मुख्य भूमीवरून येणारी मालवाहतूक वाढते. दुसऱ्या बाजूने गावात खर्च केलेला पैसा तिथे राहणाऱ्या माणसाच्या हातात जास्त पडतो, आणि तो माणूस राखणार असेल तरच हे सगळं टिकेल. मला स्वतःला गावातलं कुटुंब चालवत असलेलं छोटं हॉटेल आणि परवानाधारक स्थानिक मार्गदर्शक हा मार्ग जास्त मानवतो. दोन मीटरचं अंतर, फ्लॅश बंद, वाटेबाहेर पाऊल नाही, हे दोन्हीकडे पाळायचंच.

ज्यांना बोट लागत नाही, गुडघे धड आहेत आणि हातात एकच आठवडा आहे, अशा वाचकांनी मात्र माझं ताईंसाठीचं उत्तर जसंच्या तसं उचलू नये. त्यांनी जहाज घ्यावं. लहान मुलं बरोबर असतील तर गाव बरं, कारण मुलांना दुपारी वाळूत खेळायचं असतं आणि जहाजावर वाळू नसते. बुकिंग करताना दोन्हीकडे एकच गोष्ट मागा: दिवसवार, ठिकाणांच्या नावांसकट लेखी कार्यक्रम. ‘वन्यजीव दर्शन’ एवढंच लिहून देणाऱ्याला पैसे देऊ नका. जहाज असेल तर आदल्या दिवशीच इक्वेडोरला पोचा, विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. मुक्काम ग्वायाकिलला करा, क्वितोला नको. क्वितो २,८५० मीटर उंचीवर आहे, लांबच्या प्रवासानंतर तिथे धाप लागते. ग्वायाकिल समुद्रसपाटीला आहे आणि बेटांची विमानं तिथूनही जातात.

शेवटी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा लागतो, ताजे नियम दूतावासाकडून घ्या. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. आणि पीतज्वराची लस. गॅलापागोस बेटांवर पीतज्वर नाही, पण भारत सरकारच्या यादीत इक्वेडोर हा देश आहे, त्यामुळे परतताना प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी ती घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं, तेव्हा यजमानांचं वय बघून हे काम तिकिटं काढण्याआधी उरका. प्रमाणपत्र मिळालं की पासपोर्टला लावून हातातल्या बॅगेत ठेवा. परतल्यावर विमानतळावर तेच मागतात.